अप्पांचं वटवाघूळ

गिरगाव, रविवार रात्री

प्रिय वश्या,

तुझ्या एवढ्या लांबलचक मेसेजला मी नुसता अंगठा टेकवला. शिव्या राखून ठेव, भेटलास की दे. माझी शुगर बेतात, आईचे गुडघे आहेत तसेच.

आमच्या धाकट्या मोन्याने अप्पांना नोटीस पाठवलीय. वकिलाकडून, रजिस्टर एडीने! पोस्टमन दारात, अप्पा चष्मा शोधून सही करतायत आणि नोटीस पाठवणारा आत मोरीत दाढी करतोय. उटण्याचा फॉर्म्युला एकरकमी विकून तुम्ही आमचं नुकसान केलंत, सबब खोलीतला माझा हिस्सा लेखी द्या, असा मजकूर. चाळ रिडेव्हलपमेंटला निघाल्यापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही. वकील कुठल्या नाक्यावर सापडला देव जाणे.

रात्री झोप येईना, म्हणून मोबाइलवर 'द डेव्हिल बॅट' लावला. बेला लुगोसीचा भुताटकीछाप सिनेमा, १९४०चा. त्यातला डॉक्टर कॅरुथर्स सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला फॉर्म्युला देतो, भागीदारीऐवजी १०,००० डॉलर रोख घेतो आणि मालक त्यावर गबर होतात. मालक दुष्ट नाहीत हं. ते त्याला घरचाच मानतात, कौतुकाने ५,००० डॉलरचा चेक देतात. तोच त्याला झोंबतो. मग हा विजेवर वटवाघळं भलीथोरली करतो, एका लोशनच्या वासावर चवताळायला शिकवतो आणि मालकांच्या पोरांना म्हणतो, नवीन आफ्टरशेव्ह आहे, गळ्याला लावून बघा. ते 'गुड नाइट' म्हणतात, हा 'गुडबाय' म्हणतो. वटवाघूळ अगदीच रबरी आहे, तू असतास तर खुर्चीवरून पडला असतास. मला हसू आलं नाही.

कारण दिवाळीचा तो डबा आठवला. कंपनीकडून सुकामेवा, पाकिटात ५०१ रुपये आणि वर त्यांच्या उटण्याची पुडी. अप्पा ती पुडी फोडून मोन्याच्या नाकाशी धरायचे. नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद. "हुंग. हा वास आपला होता." तेव्हा मोन्या चड्डीत होता आणि तू माझ्या शेजारी बसून अनारसे हाणत होतास, म्हणून हे तुलाच लिहितोय. ताईच्या लग्नाला पैसे हवे होते म्हणून अप्पांनी रोख घेतले, हे मात्र कुणी मोन्याला हुंगायला दिलं नाही.

शेवटी काय होतं, तर एक बातमीदार तेच लोशन डॉक्टरच्याच अंगावर उडवतो. वटवाघूळ काय, धनी ओळखत नाही. वास ओळखतं.

तू म्हणशील, भस्मासुर. म्हणू नकोस! तुला सगळीकडे भस्मासुरच दिसतो, त्यावरून चर्नी रोडच्या पुलावर आपण किती भांडलोय. भस्मासुराच्या गोष्टीत वर देणारा शंकर वाचतो, विष्णू मोहिनी होऊन धावत येतो. अप्पांसाठी कोण येणार? आमच्या मजल्यावरून फक्त बिल्डरचा माणूस येतो.

आणि खरी काळजी पुढेच आहे. परवा सगळे झोपल्यावर अप्पा माझ्या गादीशी येऊन बसले. मला वाटलं, रडतील. तर नोटीस पुढे धरून हळूच म्हणाले, "तू माझा थोरला. याला धडा शिकव. त्याने लहानपणापासून तुझं काय काय लाटलं, आठव जरा." आणि यादी सुरू! माझी सायकल, माझी कॉलेजची फी, आईचा लाड. वश्या, मला ते पटत होतं रे. दोन वाजेपर्यंत मी मान डोलवत होतो. सायकल तर त्याने खरंच विकली होती.

सकाळी मोन्याने चहा आणून दिला, तेव्हा मी त्याच्याकडे बघेना. तोही काही बोलला नाही.

तुझी बदली झाली का? वहिनींच्या शाळेचं काय झालं? चिनूला दहावीच्या शुभेच्छा, सविस्तर नंतर लिहितो.

अप्पा तुझं ऐकतात, का ते मला आजवर कळलेलं नाही. कॅरममध्ये मुद्दाम हरायचास, त्यामुळे असेल. त्यांना फोन कर, पण अकराच्या आत, नंतर ते वाचनालयात जातात. उटण्याचा विषय काढू नकोस. ताईच्या लग्नाचा काढ, आणि मोन्या शेजारी असेल तर स्पीकरवर टाकायला सांग.

तुझा,
बाळ्या