घाटातले अंतर तासांत सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरू लागला की पर्यटन पुरवण्यांत कास, बामणोली, महाबळेश्वर, तापोळा ही नावे हमखास येतात. फोटो सुरेख असतात, रस्त्याबद्दल मात्र ‘साताऱ्यापासून २५ किलोमीटर’ एवढीच ओळ. यवतेश्वरचा घाट, धुके आणि शनिवार-रविवारची गर्दी धरली तर कासच्या या २५ किलोमीटरना तास-दीड तासही सहज लागतो. तरीही सकाळी कास, दुपारी बामणोली, मग मेढा आणि केळघर घाटाने महाबळेश्वर, संध्याकाळी तापोळा आणि रात्री पुण्याला परत, असा बेत लोक आखतात. दमलेला चालक, अंधार आणि उतार एकत्र येतात ते अशाच बेतात. या वाटेला दोन दिवस आणि मध्ये मुक्काम हवाच.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर आहे, तर कोयनेच्या शिवसागर जलाशयाची पूर्ण पातळी सुमारे ६५९ मीटर. तापोळा याच जलाशयाच्या काठावर, म्हणजे तिथे जाताना जवळजवळ ७०० मीटर उतरायचे. हा उतार नुसत्या ब्रेकवर उतरला की डिस्क आणि पॅड तापतात. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते, त्यामुळे जुन्या ऑइलचा उत्कलनबिंदू खाली आलेला असतो. ते उकळले की नळ्यांत वाफ धरते, पेडल मऊ लागते आणि तळाला जाते. त्याआधी जळका वास येतो. वास आला की सुरक्षित रुंद जागा बघून थांबावे, अर्धा तास जाऊ द्यावा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकडी होते. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलणे हा खर्च नव्हे, विमा आहे.

जो चढ ज्या गिअरमध्ये चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. बहुतेक वळणांना दुसरा, अगदी तीव्र वळणाला पहिला. ऑटोमॅटिक गाडीत ‘डी’वर न ठेवता ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड घ्यावा. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणारे अजूनही भेटतात. आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन बंदच होते; न्यूट्रलवर उलट ते जळत राहते. इंजिन बंद करून उतरणे तर जीवघेणे, कारण ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्हींची साथ सुटते. विजेवरच्या गाडीवाल्यांनी महाबळेश्वरात बॅटरी १०० टक्के भरून उतरू नये. भरलेली बॅटरी उतारावरची ऊर्जा परत घेऊ शकत नाही, मग सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

अरुंद जागी समोरासमोर आल्यास चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. धुक्यात लो बीम लावावा. हाय बीमचा झोत धुक्यावरून उलटून डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवणे ही चूक तर सर्रास दिसते. मागच्याला आपण कुठे वळणार हे कळत नाही आणि थांबलेली गाडी कोणती, चालती कोणती हेही कळत नाही. आतून काच धुरकटली तर एसी लावून झोत काचेवर सोडावा.

पावसाळ्यात साइडपट्टीवर विश्वास ठेवू नये. वरून हिरवी, सपाट दिसते, पण खालची माती पाण्याने भुसभुशीत होऊन चाक खचते, आणि पलीकडे दरी असते. फरशी पुलावर पाणी असेल आणि फरशी दिसत नसेल तर गाडी घालू नये, तिथेच थांबावे किंवा मागे फिरावे.

कासला हीच साइडपट्टी वेगळ्या कारणाने मोलाची आहे. जांभ्या कातळावर मातीचा थर जेमतेम काही बोटांचा. सीतेची आसवे त्यावरच उगवतात, बोटभर देठावर जांभळी फुले आणि ओल्या मातीत किडे धरणाऱ्या इवल्या पिशव्या. एका मोटारीने वळायला चाक घातले की तो थर चिखल होऊन वाहून जातो. हंगामात नेमलेल्या वाहनतळावरच गाडी लावावी आणि प्रवेशाचे आरक्षण घरूनच करून निघावे.

टाकी साताऱ्यात किंवा महाबळेश्वरात भरावी, पुढे पंपाच्या भरवशावर राहू नये. तापोळ्याला जलाशयापार गाड्या नेणाऱ्या तराफ्यावर गाडी चढवताना सगळ्यांना उतरवावे, चालकाने एकट्याने पहिल्या गिअरमध्ये संथ चढवावी, वर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्येच ठेवावी आणि गाडीतून उतरून बाहेर उभे राहावे. उन्हाळ्यात जलाशयाची पातळी उतरली की काठ लांब, तीव्र आणि चिखलाचा होतो. अशा वेळी कमी उंचीची गाडी नेण्याआधी तराफेवाल्यांना विचारावे.

आपल्या पुरवणीत प्रत्येक वाटेसोबत घाट कुठे सुरू होतो, किती वेळ लागतो आणि अंधाराआधी कुठे पोहोचायला हवे, ही चौकट छापावी. सार्वजनिक बांधकाम विभागानेही तापोळा आणि यवतेश्वर या दोन्ही घाटांच्या माथ्यावर ‘उतार सुरू, दुसरा गिअर टाका’ असा ठळक मराठी फलक लावावा, हंगाम सुरू होण्याआधी.

आपला,
एक वाचक, सातारा