साहेब, गुरुवारची ती खोली एकदा उघडून बघा : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब,
स.न.वि.वि.

मी 72 वर्षांचा, उद्यमनगरात फौंड्रीत तीस वर्षं मोल्डिंग केलं. तुमचा वेळ घेतोय, माफी असावी, पण परवा गुरुवारी जे झालं ते पोटात राहीना, आणि पोटात काय राहत नाही हाच तर माझा आजार आहे.

सरकारी दवाखान्यात बोर्ड लागलाय, 'ज्येष्ठ नागरिक ओपीडी, समुपदेशनासह, दर गुरुवारी'. हार घालून, फोटो काढून उद्घाटन झालेलं. दोन तास बाकावर बसलो, समुपदेशनाच्या खोलीला कुलूप. शिपाई म्हणला, आजोबा, मॅडम ट्रेनिंगला गेल्यात. गेल्या महिन्यात पण ट्रेनिंगलाच होत्या. एवढं ट्रेनिंग झालेलं माणूस एकदा तरी बघायला मिळावं.

रात्री दोनला छातीत आग उठते साहेब, आंबट पाणी घशापर्यंत येतं. पहिल्या वेळी हार्ट अटॅकच वाटला, पोरानं रिक्षात घालून नेलं, ईसीजी नॉर्मल. असा तीनदा नॉर्मल निघालो. "ॲसिडिटी आहे, टेन्शन घेऊ नका." मी काय हौसेनं घेतोय व्हय? डोळा लागला की परत येईल या भीतीनं उशा रचून बसून राहतो, शेजारी बायको पण जागी, आणि झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी जळजळ आणखी वाढते. तांबडा-पांढरा सुटला, मिसळ सुटली, मग तालमीच्या कट्ट्यावर जायचंच सुटलं, तिथं चहा-भजीशिवाय बसणार कसं? एकदा मोरीत नळ सोडून रडलो, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पोटाचा डॉक्टर म्हणतो मनाचं आहे, आणि मनाचा डॉक्टर कुलपात.

गोळीचं तर विचारूच नका. चार वर्षं रोज सकाळी ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल, किती दिवस घ्यायची हे कुणी सांगितलं नाही. पायाला मुंग्या यायला लागल्या, नावं आठवेनात, शेवटी पदरचे पैसे घालून बी-12 व्हिटॅमिन तपासलं तर पार तळाला. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-12 कमी होऊ शकतं, आणि बी-12 उतरलं की मन पण खचतं, हे मला कुणी सांगितलं, तर मेडिकलवाल्या पोरानं. बीपीची ॲम्लोडिपिन आणि गुडघ्याची पेनकिलर, दोन्हींनी जळजळ वाढू शकते म्हणला. तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या, एकत्र वाचणारा हा एकटा. त्यालाच सरकारी पगार चालू करा.

70 च्या वरच्यांना पाच लाखाचं वय वंदना कार्ड दिलंत, माझ्याकडं आहे, लॅमिनेशन करून ठेवलंय. पण ते ॲडमिट झाल्यावर चालतं. रात्रभर बसून राहणाऱ्याला कोण ॲडमिट करून घेतंय? मनाच्या त्रासासाठी सरकारच्या 14416 हेल्पलाइनवर फोन करा म्हणतात, मी काय केला नाही, खरं सांगतो, दोन खोल्यांच्या घरात सुनेसमोर काय बोलणार? देशात लाख माणसांमागं एक सायकियाट्रिस्ट पण येत नाही म्हणे, नातवानं मोबाईलवर बघून सांगितलं, आकडा इकडंतिकडं असंल.

आणि आमची पीएफवाल्या कामगारांची ईपीएस पेन्शन? 2014 पासून किमान हजार रुपये, अजून तेवढंच. मला सतराशे मिळतात म्हणजे मी श्रीमंतच की. आयुष्यभर भट्टीपुढं उभं राहिलो, आता भट्टी छातीत आलीय आणि सरकार म्हणतं टेन्शन घेऊ नका. निवडणुकीला मात्र आम्हाला घरातनं उचलून नेत्यात.

मागणं मोठं नाही. गुरुवारी ती खोली उघडी ठेवा, नाहीतर बोर्ड तरी काढा. आणि म्हाताऱ्याच्या सगळ्या गोळ्या एकदा टेबलावर मांडून बघणारा एक डॉक्टर द्या. येत्या गुरुवारी मी परत जाणार आहे, डबा घेऊन.

आपला,
एक पेन्शनर, मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता.क. : उत्तर पोस्टानं पाठवा. व्हॉट्सॲप नातवंडं वाचत्यात, आणि मोरीतलं त्यांना माहीत नाही.