भिंतीवरच्या कविता

सॅन होजे
रविवार, रात्री

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

मुलीकडे येऊन महिना झाला. फोनवर तू विचारायचास, काय काय पाहिलंस, आणि मी पूल, समुद्र, उंच झाडं असं काहीबाही सांगायचो. आज मात्र सविस्तर लिहायलाच बसलोय. तुझी सारी उमर लाकडात अक्षरं कोरण्यात गेली, म्हणून हे आधी तुला कळायला हवं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल आयलंड नावाचं बेट आहे. टिब्युरॉनहून फेरीबोटीत बसलं की थोड्याच वेळात पोचतो. धक्क्यावरून चढण चढून, मग निलगिरीच्या वासातून चालत गेलं की पलीकडच्या लहानशा खाडीत दुमजली लाकडी बराक दिसते. १९१० ते १९४० अशी तीस वर्षं पॅसिफिक ओलांडून आलेल्या माणसांना इथे अडकवून ठेवत. आत एकावर एक तीन अशा लोखंडी खाटा आहेत, आणि दोन खाटांच्या मधून अंग चोरून जावं लागतं.

सर्वांत जास्त हाल चिनी लोकांचे. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिका बंदच होती. व्यापारी, विद्यार्थी अशा काहींना आणि इथल्या नागरिकांच्या मुलांना तेवढी सूट. पुढे १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोची जन्माची दप्तरं जळाली, तेव्हा पुष्कळांनी आपण इथेच जन्मलो असं सांगून नागरिकत्व मिळवलं आणि कागदोपत्री मुलगे दाखवून गावाकडची पोरं बोलावली. ते पकडायला उलटतपासणी. घराला पायऱ्या किती? तांदूळ कुठे साठवता? तुमच्या ओळीत तिसऱ्या घरात कोण राहतं? तेच प्रश्न बापाला वेगळे विचारायचे आणि उत्तरं ताडून बघायची. सख्खा मुलगासुद्धा गडबडला तर परत जहाजावर. निकालाची वाट बघण्यात आठवडे जात, महिने जात, कुणाची जवळजवळ दोन वर्षं गेली.

मी तिथल्या बाकावर बसून हिला विचारलं, आपल्या वाड्याच्या जिन्याला पायऱ्या किती गं? ही म्हणाली अकरा. मला तर नऊ आठवतात. चाळीस वर्षं एका घरात काढलेली आम्ही दोघं, आणि उत्तर जुळेना. मला एकदम घाम फुटला.

आता भिंती. विनायक, त्या लाकडी भिंतींवर दोनशेहून जास्त चिनी कविता सापडल्यात. आधी शाईने कुंचल्याने लिहायचं आणि मग चाकूने कोरायचं, असं काम. आणि मनाला येईल तसं खरडलेलं नाही; चार किंवा आठ ओळी, ओळीत पाच किंवा सात अक्षरं, जुन्या चिनी वृत्तांच्या बंधात. घरची आठवण, अपमान, दुबळ्या देशाचं दुःख. बहुतेकांनी खाली नाव घातलेलं नाही. कैदेत बसून माणूस मात्रा सांभाळतो, हे मला फार मोठं वाटलं.

अधिकाऱ्यांनी कोरलेल्या जागा लांबीने बुजवल्या, वर रंगाचे हात मारले. त्याच लांबीने आणि रंगाने लाकूड जपलं! आता प्रकाश तिरपा पडला की रंगाखालची अक्षरं वर येतात. १९७० मध्ये इमारत पाडायची ठरलेली असताना अलेक्झांडर वाइस या पार्क रेंजरने टॉर्च मारून ती पाहिली, आणि त्यातूनच ती वाचवण्याची चळवळ उभी राहिली. बायकांना मात्र प्रशासनाच्या इमारतीत ठेवत. ती १९४० च्या आगीत गेली. त्यांनी जे काही लिहिलं असेल, तेही गेलं. त्या मोकळ्या जागेवर मी बराच वेळ उभा होतो.

आपली माणसंही इथे होती, बहुतेक पंजाबी. परत धाडण्याचं प्रमाण आपल्या लोकांत सगळ्यांहून जास्त होतं. पेशावरचे वैष्णो दास बगाई १९१५ मध्ये बायको काला आणि तीन मुलांना घेऊन उतरले, तेव्हा जवळ पंचवीस हजार डॉलर होते, म्हणून सुटले. पुढे रीतसर नागरिक झाले. १९२३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस गोरा नाही, त्याला नागरिकत्व नाही असं ठरवलं आणि त्यानंतर सरकारने बगाईंचं नागरिकत्व काढून घेतलं. मायदेशी जायचं तर ब्रिटिश पासपोर्ट घ्या म्हणाले. १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला, तो याच सॅन होजेत. मुलीच्या घरापासून किती लांब, कोण जाणे. आज बर्कलीत एका रस्त्याला काला बगाईंचं नाव आहे.

भिंतीला हात लावायला मनाई आहे, त्यामुळे ठसा घेता आला नाही. जवळून काढलेले सहा फोटो पाठवतोय. तिसऱ्यात डावीकडची उभी रेघ नीट बघ. चाकू एकाच दमात खाली आलाय असं मला वाटतं, पण खरं ते तूच सांगशील.

आणि संध्याकाळी आमच्या वाड्यावरून जाशील तेव्हा जिन्याच्या पायऱ्या मोज आणि कळव.

तुझा,
मधू