आक्का, कात्री लावायच्या आधी तुम्ही विचारलंत

आक्का,

हे पत्र तुमची सून तुम्हाला वाचून दाखवेल, म्हणून तिलाही नमस्कार. समोरासमोर आभार मानायला गेले की तुम्ही "असू दे गं" म्हणून विषय बदलता आणि माझा गळा दाटून येतो. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांना दिसेल असं लिहितेय. तुम्ही काय केलंत ते लोकांना कळायला हवं.

परवा देवळाच्या सभामंडपात आपल्या गोधडी शिवणाऱ्या गटातल्या अकरा जणींच्या छोट्या वाकळा, म्हणजे गोधड्या, दोरीवर टांगल्या. दीड हात लांब, दीड हात रुंद, कापड वापरलेलंच, शिवण हाताची, आणि सगळ्यांना विषय एकच, पाणी. कुणी विहिरीवरची मोट केली होती, कुणी नळापुढची घागरींची रांग, एकीनं वारीतला पाऊस नुसत्या तिरक्या टाक्यांनी उभा केला होता. माझ्या वाकळेत फक्त एक भिंत होती, आणि भिंतीवर मातकट रेघ. ती बघून एक वयस्कर गृहस्थ थांबले. काही बोलले नाहीत. स्वतःच्या छातीला आडवा हात लावला आणि बायकोला म्हणाले, "आमच्यात हितवर." सांगलीत त्या रेघेचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. ४५ फुटांना धोक्याची पातळी. आमचं घर गावभागात, खालच्या अंगाला. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि तिची वाकळ ट्रंकेत होती. दोन इरकली लुगडी वर-खाली, मध्ये वडिलांची धोतरं. कडेनं सुरू केलेला धावदोरा चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत गेलेला. लग्न होऊन निघाले तेव्हा तिनं ती माझ्या अंगावर घातली होती. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली, तर गाळाच्या वासानं मी मागं सरले. तीनदा धुतली, गच्चीवर आठवडाभर वाळवली. वास गेला. आडवी तपकिरी रेघ मात्र गेली नाही.

पंचनाम्याला आलेल्या माणसानं फ्रिज लिहिला, गादी लिहिली, मिक्सर लिहिला. वाकळेपाशी आला आणि "जुने अंथरूण" असं लिहून पुढं गेला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला अजून शंभर घरं करायची होती. राग आहे तो नंतरच्यांवर. एका लाँड्रीवाल्यानं पिशवीत डोकावून पिशवी परत केली. एका शिलाईवाल्यानं "करून देतो" म्हणून ठेवून घेतली, न विचारता कडेकडेनं उभं-आडवं मशीन घातलं, आणि आईचा टाका जिथं जिथं सुईखाली आला तिथं तिथं कापड फाटलं. मग हौसेनं फी भरून एक क्लास लावला, वाटलं तिथं तरी जाणकार माणसं भेटतील. बाईंनी वाकळ दोन बोटांच्या चिमटीत उचलली. म्हणाल्या, "हे कापड गेलंय. टाकून द्या, आपल्याकडं तयार किट मिळतं." सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या. मी किट घेतलं नाही, पुन्हा त्या क्लासला गेलेही नाही. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, तेव्हा वाकळ आधी माळ्यावर टाकली आणि मग गॅसची शेगडी उचलली.

आपल्या गटात विषय ठरला त्या गुरुवारी मी ती बरोबर आणली ती भीत भीतच. पिशवीतून काढलीही नव्हती. तुम्ही म्हणालात, "काय आणलंयस गं? बघू तर." मी सगळं भडाभडा सांगितलं, मशीनचं, क्लासचं. तुम्ही ऐकत होतात आणि तुमचे हात वाकळेवरून फिरत होते, मशीनच्या शिवणीपाशी थांबत होते, पुढं जात होते. म्हणालात, "पोत गेलाय खरा. पण मधला तुकडा धड आहे. तेवढा कापून घ्यावा लागंल."

कात्री तुमच्या हातात होती. तुम्ही ती खाली ठेवलीत.

"आईचं नाव काय तुझ्या?" असं विचारलंत. मी सांगितलं. तुम्ही पदर सारखा केलात, वाकळेचा काठ उचलून कपाळाला लावलात आणि जिला उभ्या जन्मात कधी पाहिलं नव्हतं तिला म्हणालात, "वैनी, कापते हं. लेकीसाठी कापते. राग मानू नका." मग जरा थांबलात. खरंच कुणाच्या तरी होकाराची वाट बघावी तसं. आणि मग कात्री उचललीत.

आक्का, मी तिथं रडले ते तुम्ही पाहिलंत. कशानं रडले ते तेव्हा सांगता आलं नाही. इतक्या वर्षांत त्या वाकळेला हात लावणाऱ्या कुणीही ती कुणाची तरी आहे असं धरलं नव्हतं. मीसुद्धा हळूहळू तिला "ते पुराचं" म्हणायला लागले होते. तुम्ही नाव विचारलंत आणि ती परत आईची झाली.

पुढचं सगळं तुमच्या कसबाचं. बाकीच्या म्हणत होत्या की डाग बाजूला काढू, फुलाची चकती लावून झाकू. तुम्ही त्या रेघेवरून बोट फिरवलंत. "पाणीच करायचंय नव्हं? मग पाणी हितंच हाय की." रेघेच्या वरचं कापड भिंत झालं, खालचं बुडालेलं घर. मी खाली दाट टाके घालायला लागले तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. विरलेल्या कापडात दाट टाका घातला तर सुईच्या भोकांनीच ते फाटतं, आणि खाली धड धोतराचा थर दिल्याशिवाय त्याला ओढ सहन होत नाही, हे मला माहीत नव्हतं. त्या क्लासमधल्या बाईंनी एवढंच शिकवलं असतं तरी फी वसूल झाली असती.

आणि चार कोपऱ्यांवरची ती चार फुलं! तुमचं माहेर कर्नाटकातल्या हल्याळकडचं. तिकडच्या सिद्दी बाया, म्हणजे फार पूर्वी आफ्रिकेतून आलेल्या समाजातल्या, आपल्या वाकळेला कवंदी म्हणतात, कोपऱ्यापासून शिवत शिवत मध्याकडं जातात आणि शेवटी चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या चिंध्यांची फुलं लावतात. फुलं नसतील तर कवंदी उघडी दिसते, असं तिथं मानतात. त्या बायांच्या शेजारी बसून तुम्ही हे लहानपणी शिकलात आणि सत्तरीत माझ्या आईच्या लुगड्यावर लावलंत. एक फूल लाल टोपपदराचं निघालं. तेवढाच पदर धड उरला होता.

पुराच्या दिवसांत मी खूप चांगली माणसं पाहिली. आजूबाजूच्या गावांतून भाकरीची गाठोडी येत होती, पाठकोऱ्या कागदात बांधलेली चटणी येत होती, आणि देणाऱ्यांची नावंसुद्धा आम्हाला कळली नाहीत. तुम्ही त्याच जातकुळीतल्या. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना आधी विचारावं, माणूस हयात नसला तरी विचारावं, हे तुम्हाला कुणी शिकवलं नसेल. ते तुमच्या हातातच आहे. त्या शिलाईवाल्यानं एवढं एक केलं असतं, नुसतं "मशीन घालू का?" असं विचारलं असतं, तर आज अर्धी वाकळ अजून शाबूत असती.

लहान असताना नवरात्राआधी आई सगळं अंथरूण-पांघरूण घेऊन घाटावर जायची. वाकळ भिजली की दगडासारखी जड व्हायची. आई ती पायांनी तुडवायची, आणि पिळायची वेळ आली की एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. ती एकीकडं पीळ द्यायची, मी दुसरीकडं. माझे पाय घसरायचे आणि ती ओरडायची, "सोडू नगंस!"

तुम्ही कापून उरलेला कडेचा भाग मी घडी घालून ठेवलाय. मशीनची शिवण सगळी उसवून काढली, खाली नवा थर दिला, तुम्ही सांगितलात तसा टाका विरळ ठेवला. घटस्थापनेच्या आधी धुवायला काढणार आहे. माझ्याच्यानं एकटीला पिळवणार नाही. दुसरं टोक धरायला या.

तुमची,
गावभागातली