जेन एअर म्हणजे फक्त लव्हस्टोरी नाही

संपादक महोदय,
शार्लट ब्रॉन्टेच्या 'जेन एअर' (१८४७) या इंग्रजी कादंबरीला लव्हस्टोरी म्हणून सगळे मोकळे होतात, मला ते अजिबात पटत नाही. जेन ही श्रीमंत रॉचेस्टरच्या घरी त्याने सांभाळलेल्या आडेल या मुलीची शिक्षिका. त्याच्याशी लग्न ठरल्यावर तो तिला रेशमी कपडे घ्यायला नेतो तर ही म्हणते, मी आडेलला शिकवत राहीन, राहणं-जेवण आणि वर्षाचे ३० पौंड स्वतः कमवीन, केवढी हिंमत! त्याची पहिली बायको जिवंत आहे कळल्यावर पहाटेच घर सोडते, उपाशी फिरते, डुकराला टाकायची लापशी मागून खाते पण ठेवलेली बाई म्हणून राहत नाही. पुढे तिला आसरा देणारा पाद्री सेंट जॉन तिला मिशनरीची बायको करून भारतात न्यायला बघतो, तेव्हाही सोबत येईन पण लग्न नाही करणार, असं तोंडावर सांगते. कॉलेजात मुलींना हे प्रसंग आवर्जून शिकवा ना.
- एक वाचक, सातारा