आम्ही मोफसिल, मग पुणं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

भाचा मुंबईत एका कंपनीत लागला त्याले सहा महिने झाले, परवा रात्री त्याचा फोन आला, मामा, मोफसिल म्हणजे शिवी हाय काय? म्हटलं काऊन रे, तर म्हणे मीटिंगमध्ये साहेब बोलले की तुम्ही मोफसिलची पोरं, तुम्हाला धड मेल लिहिता येत नाही, अन् सगळे हसले.

आता मी पडलो रिटायर्ड मास्तर, असं काही कानावर आलं की झोप येत नाही, कोश काढून बसलो. तर हा शब्द साहेबाच्या इंग्रजांनी इथल्याच कचेऱ्यांतून उचललेला निघाला! मूळ अरबी मुफस्सल, फारसीतून इकडं आला, म्हणजे वेगळं काढलेलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात कलकत्ता, मद्रास अन् मुंबई सोडली की बाकी सगळं मोफसिल, तिथं राहणारा तो मोफसिलाइट. जॉन लँग नावाच्या वकिलानं १८४५ मध्ये आपल्या पेपरलाच हे नाव दिलं, त्याले काही लाज वाटली नाही, अन् याच लँगले पुढं १८५४ मध्ये राणी लक्ष्मीबाईनं झाशीच्या खटल्यासाठी बोलावून घेतलं. बरं, भाच्याचे साहेब आहेत पुण्याचे. त्या हिशोबानं पुणंही मोफसिलच की!

खरी गंमत वेगळीच आहे. तपशील, फैसला, फासला, फसल, हे सगळे त्याच अरबी धातूचे, तोडणे, वेगळं करणे यातून आलेले. मागं पीकविम्याचा फॉर्म भरत होतो, ‘पिकाचा तपशील’ या रकान्यात पराटी तीन एकर, तूर एक एकर, आता ते आठवून हसू येते, मोफसिलमध्ये बसून फसलीचा तपशील लिहून राह्यलो होतो, एकाच खानदानातले तिघं एका कागदावर. फैसला तेवढा विमा कंपनीकडं अडकलाय.

भाच्याले सगळं सांगितलं, तर म्हणे मामा, अप्रेझल होऊ दे मग सांगतो साहेबाले. हुशार आहे.

तुमच्याबद्दलही एक आहे. आमच्या नाल्याच्या पुराची बातमी तुम्ही दोन ओळीत उरकली, किती पराटी वाहून गेली त्याचा पत्ता नाही, अन् गावाचं नाव चुकलं ते वेगळंच. पुढच्या वेळी वार्ताहराले घरी पाठवा, नाव मी स्वतः लिहून देतो.

— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ