पुंगळीचा खांदा

बोझमन, माँटाना

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार. दुकानात तयार काडतुसं मिळत असताना मी पुंगळ्या, म्हणजे काडतुसाची पितळी कवचं, घडवत का बसतो, असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा नीट सांगता आलं नाही.

माझी रायफल ‘.३०-०६ अ‍ॅक्ली इम्प्रूव्हड’ची आहे. मूळ .३०-०६ हे अमेरिकन सैन्याचं, १९०६ सालचं काडतूस. पी. ओ. अ‍ॅक्ली या बंदूक-कारागिरानं त्याच्या पुंगळीचा निमुळतेपणा कमी केला आणि खांदा, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद मानेखालचा उतार, साडेसतरा अंशांवरून ४० अंशांवर नेला. अशा खासगीत घडवलेल्या काडतुसांना इथे वाइल्डकॅट म्हणतात. काहींचं नशीब उघडतं: .२२-२५० हे वाइल्डकॅट रेमिंग्टन या बंदूक-कंपनीनं १९६५ मध्ये कारखान्यात घेतलं.

साधं .३०-०६ काडतूस माझ्या रायफलीच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या खोबणीत, झाडलं की दाबानं पितळ फुगतं आणि नवा आकार घेतं. खरी मेख मान आणि खांदा जुळतात तिथे आहे. तिथे पुंगळी चेंबरला घट्ट टेकलीच पाहिजे. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बंद करताना हाताला किंचित अडल्यासारखं लागतं. ढिली राहिली तर फायरिंग पिन तिला पुढे ढकलते, भिंती चेंबरला चिकटतात, बूड मागे सरकतं आणि बुडाच्या जरा वर पितळ ताणून पातळ होतं. पुढे कधीतरी ती तिथेच तुटते आणि गरम वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. म्हणून टोक वाकवलेली तार मी प्रत्येक पुंगळीत आतून फिरवतो. खाच लागली की पुंगळी भंगारात, मग ती कितीही नवी दिसो.

तू तांबट आळीत वाढलास, तुला हे पटकन कळेल. ठोकून ठोकून भांडं ताठरतं तसं डायमधून (पुंगळीला पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातून) वारंवार गेलेलं पितळ कडक होतं, मानेला चिरा जातात. मग मान नि खांदा तापवायचा. बूड मात्र कधीच नाही. ते मऊ पडलं तर दाब पेलणार कोण?

या बदलानं गोळीचा वेग थोडासाच वाढतो, हे खरं. पण खांदा उभा असल्यामुळे पितळ मानेकडे कमी सरकतं, पुंगळीची लांबी फार वेळा कापावी लागत नाही. मला तेवढं पुरतं. बंदुकीच्या दारूचं वजन मात्र मी कुणाच्या तोंडी आकड्यावर ठरवत नाही. छापील तक्त्यातल्या किमान मापापासून चढतो, आणि जागा दिसते म्हणून जास्त भरत नाही.

मी तापमान ओळखायला रंग बदलणारा लेप लावतो. तुझे काका नुसत्या नजरेनं ओळखायचे ना? ते पितळ उजेडात तापवायचे की अंधारात, एवढं विचारून कळव.

तुझा,
मिलिंद